अंगातला पंप

ऑपरेशन हर्नियाचं होतं, असं धुडकूनं गोडादऱ्यातल्या अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं होतं. शेजारच्या शांताबाईंनी तर त्यावर आपल्या दिराच्या हर्नियाची कथाही ऐकवली आणि जड उचलायचं नाही अशी ताकीद दिली. धुडकूनं मान हलवली. खरं काय ते फक्त त्याला, त्याच्या बायकोला म्हणजे उषाबाईला आणि डॉक्टरला ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी कडोदऱ्याच्या कापड कारखान्यात माल भरायला आलेला ट्रक मागं येता येता धुडकूला भिंतीशी चेपून गेला. कमरेचं हाड मोडलं. तो पंचेचाळिशीला आलेला, मागांच्या खात्यातला मास्तर. हाड जुळलं, काठी सुटली, पुन्हा कामावर उभा राहिला. पण आतल्या नसा गेल्या त्या गेल्याच. नवराबायकोतलं जे होतं ते थांबलं. धुडकू कुणाशी बोलला नाही. भिंतीकडं तोंड करून झोपायला लागला, एवढंच.

ट्रक कारखान्याच्या शेठचा होता, त्यामुळं दवाखान्याचा खर्च शेठच बघत होता. त्याच दवाखान्यात एका तपासणीला डॉक्टरनं हळूच विचारलं आणि धुडकूच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. डॉक्टर गुजराती, पन्नाशीचा, सावकाश बोलणारा. त्यानं कागदावर चित्र काढलं. इंद्रियाच्या आत दोन नळ्या बसवायच्या, ओटीपोटात पाण्याची एक लहान पिशवी, आणि खाली अंडाच्या पिशवीत एक पंप. पंप दाबला की पाणी नळ्यांत जातं. काम झालं की पंपाच्या वरचा कडक भाग चिमटीत धरून दाबायचा, पाणी परत पिशवीत. बाहेरून कुणाला काही दिसत नाही.

ऑपरेशनच्या कागदावर सही करताना डॉक्टरनं उषाबाईलाही आत बोलावलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. रिक्षातून घरी येताना मात्र तिनं विचारलं, "हाई कोनासाठे?"

"तुनासाठेच," धुडकू म्हणाला.

"मी कधी मांगेल व्हतं का?" ती म्हणाली आणि बाहेर बघत बसली.

राखीपौर्णिमा झाल्यावर ऑपरेशन झालं. पहिले दिवस बसता येईना, चालता येईना. सूज अशी की धोतर नेसून फेंगडा चालायचा. ते त्याला अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते दुसरंच. डॉक्टरनं घरी सोडताना सांगितलं होतं, "धुडकूभाई, उतावळ नथी करवानी. दसऱ्यानंतर या, मी चालवायला शिकवीन. तोवर वापरायचं नाही. पण सूज उतरली की रोज गरम पाण्यानं अंघोळ करताना पंप हातात धरून हलकेच खाली ओढायचा. नाही तर तो वर चढून बसेल, मग सापडणार नाही. शरमाशो नहीं."

धुडकूला ते जमेना. मोरीचं दार लावून तो उभा राहायचा, हात खाली न्यायचा, बोटांना तो गोळा लागायचा आणि अंगावर काटा यायचा. आपल्याच शरीरात कुणा परक्यानं येऊन बिऱ्हाड केलंय असं वाटायचं. मग तो नुसतं पाणी ओतून बाहेर यायचा. "ओढं का?" उषाबाई विचारायची. तो "हा" म्हणायचा.

गणपती उठले आणि दोनचार दिवसांतच शहरात प्लेग आल्याची बातमी पसरली.

पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानांत कॅप्सूल संपल्या आणि गल्लीतून ट्रंका, गाठोडी, पोरं निघाली. स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती म्हणत होते. भुसावळकडं जाणाऱ्या गाड्यांच्या टपावर माणसं बसली होती. उषाबाईचा भाऊ आला आणि दोन्ही मुलांना, ललितला व गायत्रीला, अमळनेरला घेऊन गेला. शांताबाईंनी कुलूप लावताना विचारलं, "तुम्ही?"

"ह्यांना धक्काबुक्की सोसणार नाही," उषाबाई म्हणाली.

"तू जाय पोऱ्यास्ना संगे," धुडकूनं तिला आधीच सांगून पाहिलं होतं.

"तुमले सोडीसन मी कथी जाऊ?"

माग बंद पडले. गोडादऱ्यात राहायला आल्यापासून धुडकूनं ती खडखड कधी थांबलेली ऐकली नव्हती. घरातलं बोलणंही त्या आवाजाच्या वरच्या पट्टीत चालायचं. आता बायको चूल पेटवताना फुंकर मारायची ती ओसरीवर ऐकू यायची. रस्त्यावर तोंडाला रुमाल बांधलेलं एखादं माणूस आणि पालिकेची पांढऱ्या पावडरीची गाडी, बाकी शुकशुकाट. धुडकूनं कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पेटीवरून दवाखान्यात फोन लावला. नुसती घंटी वाजत राहिली. डॉक्टर घरच्यांना घेऊन बाहेरगावी गेल्याचं दुकानदारानं सांगितलं.

त्यातच त्याला ताप भरला.

दुपारी थंडी वाजायला लागली ती तीन गोधड्या घातल्या तरी हटेना. दोघांच्याही मनात आधी प्लेगच आला. मग धुडकूच्या मनात दुसरी भीती आली: डॉक्टरनं बजावलं होतं, ताप आला, जखम लाल झाली, तर लगेच या, आत पू झाला तर सगळं काढावं लागेल.

"माले पाहू द्या," उषाबाई म्हणाली.

"नही."

"ललितना बाप, तीन पोरं मना पोटे व्हयनात, एक गयं. तवय मी लाजनू नही. तुमी काय लाजतस?"

तिनं गोधडी बाजूला केली. दारातून उजेड यावा म्हणून पडदा सारला, गल्लीत तसंही कुणी नव्हतं. तिनं टाक्यांची जागा बघितली, आजूबाजूला बोटानं दाबून बघितलं, आणि मग तो पंपही चाचपला, जसं काही पोरांच्या काखेतली गाठ बघतेय. "लाल नही शे. पन हाई वर सरकेल शे," ती म्हणाली. "तुमी ओढतच नव्हता."

धुडकूनं डोळे मिटून घेतले.

संध्याकाळ व्हायच्या आत पालिकेची माणसं घरोघरी कॅप्सूल वाटत आली. त्यांच्याबरोबर एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, नाकावर फडकं बांधलेल्या. तापाचा माणूस म्हटल्यावर त्या उंबऱ्यातच थबकल्या, मग आत आल्या. खोकला आहे का, काखेत, जांघेत गाठ आहे का, त्यांनी विचारलं. "ऑपरेशन कसलं झालंय?"

"हर्निया," धुडकू म्हणाला.

"हर्निया नाही," उषाबाई मधेच म्हणाली. "अपघातानंतर ह्यांना नवरेपण राहिलं नव्हतं. म्हणून आत पंप बसवलाय. जांघेत हाताला काही लागलं तर गाठ समजू नका, नळी असेल."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडं पाहिलं. हसल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "नाही तर मी सरळ सिव्हिलमध्ये प्लेगच्या वॉर्डात पाठवलं असतं." त्यांनी नीट तपासलं, जखम साफ आहे म्हणाल्या, बोटातून रक्त घेतलं आणि मलेरियाच्या गोळ्या देऊन गेल्या. तो मलेरियाच निघाला.

ताप उतरल्यावर धुडकू ओसरीवर गोधडी गुंडाळून बसला होता. उषाबाई तांदूळ निवडत होती.

"तू त्या बाईले सगळं सांगी टाकं," तो म्हणाला.

"मंग काय करू? हर्निया म्हनीसन मरू देऊ?" तिनं सूप खाली ठेवलं. "एक इचारू? दोन वरीस तुमी मना हात बी धरा नही. माले वाटनं, मनावर रागे भरेल शेतस. दवाखानामा रोज मीच येऊ, मीच अंग पुसू, आनी घर उनात त भितीकडे तोंड. माले ते पाहिजे व्हतं असं नही. पन एक शबद?"

धुडकूला अपघात आठवला. ट्रक आणि भिंतीमधून काढताना आपण ओरडलो नव्हतो, त्याचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं. त्यानंतर तो कशालाच ओरडला नव्हता.

"तुले खोटं सांगं मी," तो शेवटी म्हणाला. "तुनासाठे नही करं. मनासाठे करं. माले आरशामा पाहानं बी व्हत नव्हतं."

उषाबाईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "मंग असं सांगानं ना," ती म्हणाली. "तुमनासाठे करं त काय वाईट करं?"

दुसऱ्या दिवसापासून अंघोळीला पाणी जास्त तापू लागलं. धुडकू मोरीत बसायचा, श्वास रोखून तो गोळा बोटांत धरायचा आणि सावकाश खाली ओढायचा. पहिल्यांदा दुखलं. मग नुसतं विचित्र वाटलं. मग एक दिवस त्याच्या लक्षात आलं की ओढताना आपण शिल्लक राहिलेल्या सुट्ट्यांचा विचार करत होतो.

माणसं परत यायला लागली. माग एकेक करून सुरू झाले. डॉक्टरही आला, थोडा ओशाळलेला होता. दसरा झाल्यावर त्यानं पंप चालवायला शिकवला. दवाखान्यात ते सोपं वाटलं. भरला, सोडला. "घरी रोज एकदा सराव करा," डॉक्टर म्हणाला.

तर त्या रविवारी दुपारी, मुलं मामाकडून अजून यायची होती, धुडकूनं आतल्या खोलीत कडी लावून सराव केला. भरलं छान. सोडायला गेला तर बोटांना तो कडक भाग सापडेना. दाबतोय तर उलट आणखी भरतंय. घाम फुटला. त्यात बाहेर शांताबाईंचा आवाज आला, "भाऊ, सुतळी आहे का हो जरा?" धुडकू तसाच पलंगाच्या कडेला बसून राहिला. आता जन्मभर असंच राहणार, कारखान्यात कसं जायचं, हेच त्याच्या डोक्यात.

उषाबाईनं सुतळी देऊन शांताबाईंना वाटेला लावलं आणि दार वाजवलं. "काय व्हयनं?"

त्यानं कडी काढली. "बंदच व्हई नही राहिनं."

ती बघत राहिली. मग तिनं पदर तोंडात कोंबला, खांदे हलायला लागले.

"हासू नको," तो म्हणाला. त्याला खरंच लागलं होतं.

"नही हासत." ती शेजारी बसली. "डॉक्टरनी कसं दखाडं?"

"गोळाना वर, दोन्ही बाजूथीन, चिमटीमा."

"तुमी गोळालेच दाबी राहिनात. सरका." तिनं त्याचा हात धरून बोटं जागेवर नेली. "जरा वर. हा, आठे. आते धरा. सोडू नका." दोघांची बोटं एकावर एक होती. काही क्षण काहीच झालं नाही. मग आत कुठंतरी बारीक सुटल्यासारखं वाटलं आणि पाणी परत गेलं.

"गयं," ती म्हणाली.

"गयं," तोही म्हणाला, आणि मग त्यालाच हसू फुटलं. ऑपरेशनच्या आधीपासून, अपघाताच्याही आधीपासून साचलेलं असावं तसं तो हसला, टाक्यांची जागा दुखेपर्यंत. उषाबाईनं त्याचा हात सोडला नव्हता. त्या दुपारी तेवढंच झालं. ती त्याच्या शेजारी आडवी झाली आणि दोघंही झोपून गेले.

पुढचं हळूहळू झालं, आणि सगळं पूर्वीसारखं झालं असंही नाही. मधेच थांबून पंप शोधायचा म्हणजे अवघडल्यासारखं व्हायचं. कधी धुडकू चिडायचा, कधी तिलाच कंटाळा यायचा आणि ती म्हणायची, आज राहू द्या, नुसतं बोला. बोलणं मात्र आता त्याला जमू लागलं होतं.

दिवाळीनंतरच्या तपासणीला धुडकू तिला बाहेरच्या बाकावर बसवून गेला नाही, बरोबर आत घेऊन गेला. डॉक्टरनं पंप तपासला, सगळं ठीक म्हणाला आणि विचारलं, "कसं वाटतं धुडकूभाई? काही अडचण?"

धुडकूनं उषाबाईकडं पाहिलं. "हिला विचारा," तो म्हणाला.

"अडचण काही नाही," उषाबाई म्हणाली. "रागवायला लागले परत. म्हणजे बरे झाले."