प्लास्टिकबाहेरचे दोन कागद

मित्रांनो, मी लॅमिनेशनची जुनी मशीन आहे आणि माझ्यावर एका मुलीचं नुकसान केल्याचा आळ आहे. आळ अर्धा खरा आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल मला आज बोलायचं आहे.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. पोटात दोन गरम रूळ, अंगावर राखाडी पत्रा आणि कपाळावर दोन दिवे, एक लाल आणि एक हिरवा. कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून माझ्या तोंडात सरकवला, की दुसऱ्या बाजूने तो गुळगुळीत आणि कडक होऊन बाहेर येतो. झेरॉक्सच्या दुकानात मला आणलं, त्या दिवशी दुकानवाल्या मावशींनी सगळ्यात आधी स्वतःच्या लग्नाचा फोटो घातला. फोटो झकास निघाला. "बरं झालं, इथं तरी हे आता कायम सरळ राहतील," असं नवऱ्याकडे बघत त्या म्हणाल्या आणि गिऱ्हाइकं हसली.

मग काय, माझी चलतीच सुरू झाली. ओळखपत्रं, जन्माचे दाखले, पदव्या, बक्षिसांचे कागद. किती कागद मी सांडलेल्या चहापासून आणि वाळवीपासून वाचवले, त्याची गणती नाही. "पन्नास वर्षं काही होत नाही बघा," असं लोक म्हणायचे आणि मी फुगायचे. एक गोष्ट मात्र माझ्या फार उशिरा ध्यानात आली. एवढ्या वर्षांत माझ्या तोंडात नापासाचा एकही कागद कुणी घातला नव्हता.

ती मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा तिची पदवी नुकतीच पूर्ण झाली होती. सोबत तिचे बाबा होते. ते फरश्या बसवायचे. नखांत सिमेंट आणि अंगात मात्र घडीचा शर्ट. त्यांच्या पिशवीत दहा गुणपत्रिका होत्या. सत्रं आठ आणि कागद दहा, कारण तिसऱ्या सत्रात ती गणितात नापास झाली होती. पुन्हा बसली आणि पुन्हा नापास झाली. तिसऱ्या खेपेला एकाहत्तर गुण मिळवून सुटली. बाबांनी आठ कागद मावशींच्या हातात दिले आणि दोन दुमडून पिशवीत परत ठेवले.

"ते दोन राहिले की," मावशी म्हणाल्या.

"असू द्या. त्यांना कशाला प्लास्टिक? ते काय मिरवायचे आहेत का?"

मुलगी शेजारीच उभी होती. तिचे कान लाल झाले. मी ते आठ कागद असे काढले, की एकावरही बुडबुडा नव्हता. बाबांनी ते उजेडात धरून पाहिले, पुसले आणि उगाचच पुन्हा एकदा पुसले.

दोन वर्षं गेली. मुलगी पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात नोकरी करत होती आणि पुढचं शिकायला तिला परदेशी जायचं होतं. आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर परदेशी शिक्षणाचे एक सल्लागार बसायचे. फार गोड बोलणारा माणूस. त्यांनी तिला सांगितलं, की ते दोन कागद झालेच नाहीत असं समज. ते लपवता येणार नाहीत हे कळल्यावर त्यांनी दुसरी वाट काढली. त्या वर्षी आई फार आजारी होती, असं अर्जासोबतच्या पत्रात लिहून टाक.

हे तिच्या आईच्या कानावर गेलं आणि ती थेट दुकानात आली. "मी ठणठणीत आहे! शिंकसुद्धा आली नव्हती त्या वर्षी," ती सल्लागारांना जिन्यातच गाठून म्हणाली. "तुमच्या आईला पाडा आजारी."

खरं संकट पुढेच होतं. परदेशातल्या त्या विद्यापीठाला सगळ्या मूळ गुणपत्रिका हव्या होत्या, नापासाच्यासुद्धा. प्रत्येकीच्या पाठीवर परीक्षा विभागाचा शिक्का आणि सही घ्यायची आणि मग त्या स्कॅन करून पाठवायच्या. अर्जाच्या मुदतीला अठरा दिवस उरले होते. मुलगी दहा कागद घेऊन परीक्षा विभागात गेली. तिथल्या कारकुनाने पहिला कागद उलटा केला, त्यावर नख घासलं आणि गठ्ठा परत सरकवला. प्लास्टिकवर शाई धरत नाही, आणि नियमही तसाच आहे. दुसऱ्या प्रती काढायच्या तर दीड महिना. शिक्का बसला तो फक्त दोन कागदांवर. घरी उरलेल्या फरश्यांच्या खोक्यात तळाशी दडवलेल्या त्याच दोन कागदांवर.

ती बाबांना घेऊन गठ्ठ्यासकट दुकानात आली. मावशींनी केस वाळवायचं यंत्र आणून पहिल्या सत्राच्या कागदाचा कोपरा गरम केला आणि प्लास्टिक हळूच ओढलं. प्लास्टिकसोबत अक्षरंही निघाली. मुलीचं अर्धं नाव त्या चिकट कातड्याला लागून वर आलं. बाबांनी ते सोललेलं प्लास्टिक बोटाने परत दाबून पाहिलं. "मीच हौसेने आणले होते," एवढंच ते म्हणाले.

"या बयेनेच घात केला," मावशींनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला उचललं, वरच्या फळीवर ठेवलं आणि अंगावर फडकं टाकलं. मला राग आला, मित्रांनो. माझ्या तोंडात जे घातलं, ते मी जपलं. काय जपायचं आणि काय दडवायचं, हे मी ठरवलं नव्हतं.

फडक्याला एक भोक होतं. त्यातून मी पुढचं पाहिलं. मुलगी बराच वेळ ते शिक्क्याचे दोन कागद बघत बसली. मग उठली, दोन्ही स्कॅन केले आणि दुकानाच्या संगणकावर पत्र लिहायला बसली.

"काय लिहितेस?" बाबांनी विचारलं.

"खरं ते. मी आजारी नव्हते, घरात कुणी आजारी नव्हतं. मला गणित येत नव्हतं, म्हणून दोनदा नापास झाले. मग शिकले. पास झाल्याचे कागद दीड महिन्याने येतील, तोवर हे दोन बघा."

"अगं, आधी वाईटच दाखवायचं? लोक काय म्हणतील?"

"चांगलं सगळेच दाखवतात, बाबा. माझ्याकडे आज हेच आहे आणि हे माझंच आहे." आणि तिने पाठवण्याचं बटण दाबलं. बाबांनी डोळे मिटून घेतले होते.

नवव्या दिवशी उत्तर आलं. बाकीच्या कागदांसाठी थांबायला ते तयार होते, पण गणितात दोनदा नापास झालेल्या मुलीची गणिताची परीक्षा ते स्वतः घेणार होते. दीड तास, संगणकावर. शंभरात साठ मिळाले नाहीत तर अर्ज बाद. "तरी मी सांगत होतो," असं सल्लागार जिन्यातून म्हणाले. "घेऊ दे की," मुलगी म्हणाली आणि जुनी वही काढून तयारीला लागली.

घरी इंटरनेट सारखं जायचं, म्हणून परीक्षा आमच्या दुकानात झाली. भर दुपारी मावशींनी शटर अर्धं ओढलं. बाबा बाहेर स्टूल टाकून बसले आणि येईल त्या गिऱ्हाइकाला परत पाठवू लागले. आत फक्त कागदावर आकडेमोड करणाऱ्या पेन्सिलचा आवाज येत होता. एक गृहस्थ मात्र हटेना. त्याला एकच झेरॉक्स हवी होती आणि तो चिडला होता.

"दुकानात कसली हो परीक्षा?"

"गणिताची," बाबांचा आवाज आला. आधी हळू आणि मग चांगला मोठा. "माझ्या मुलीची. दोनदा नापास झालीये ती गणितात. दोनदा! आणि तिसऱ्यांदा पास झाली. आता परदेशातले लोक तिची परीक्षा घेतायत. तुम्ही संध्याकाळी या."

आत पेन्सिल थांबली. मुलीने मनगटाने डोळे पुसले आणि पुढचं गणित घेतलं.

साठ हवे होते. तिला चौसष्ट मिळाले.

तिच्या उरलेल्या कागदांच्या दुसऱ्या प्रती मागाहून गेल्या आणि मग तीही परदेशी शिकायला गेली. मित्रांनो, मी अजून फळीवरच आहे आणि माफी मागायचा माझा विचार नाही. सांगायचं आहे ते एवढंच. मूळ गुणपत्रिका माझ्याकडे आणू नका, त्यांची झेरॉक्स आणा. मूळ कागद साध्या फाइलमध्ये कोरडे ठेवा, सगळे ठेवा, नापासाचेही त्याच फाइलमध्ये ठेवा. आणि ते लपवा असं सांगायला कुणी आलंच, तर त्याला म्हणावं, आधी तुमचे सगळे कागद बाहेर काढा, मग बोलू.