सोडियमची वेलांटी

१९९४ साल. छापखान्यातून निवृत्त होऊन तिला आठ महिने झाले होते आणि चुका काढायला नवऱ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. एकतीस वर्षं तिने मुद्रितं तपासली. तिथे तिला ‘अनुस्वारबाई’ म्हणत. ते कौतुकाने म्हणतात, अशी तिची समजूत होती.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. त्या वर्षी त्याचे पाय सुजू लागले. हृदय मोठं झालंय, असं डॉक्टर म्हणाले.

“बघ,” नवरा घरी येऊन म्हणाला, “तू मला कोत्या मनाचा म्हणायचीस.”

ती हसली नाही. मीठ आणि चरबी कमी करा, पंधरा दिवसांत सूज उतरली नाही तर दवाखान्यात भरती व्हावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिने त्याच दिवशी मिठाची बरणी वरच्या मजल्यावर नणंदेकडे नेऊन ठेवली.

“आणि आम्ही खायचं होय, वहिनी?” नणंद म्हणाली. “आमची हृदयं काय भाड्याची आहेत?”

अळणी जेवण नवऱ्याच्या घशाखाली उतरेना. मग तिने पाकिटातलं सूप आणलं. पाकिटामागचा तक्ता बारकाईने वाचला. त्यात ‘मीठ’ हा शब्द कुठेच नव्हता. ‘सोडीयम’ होतं, पण त्यातली वेलांटी चुकली होती. तिने लाल पेन्सिलीने ती ऱ्हस्व केली आणि समाधानाने पाणी उकळायला ठेवलं. तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असं शुद्ध छापलेलं होतं, त्यामुळे तेलाचा हात सैल सोडला.

“मीठ नसूनही काय चव आहे गं तुझ्या हाताला,” नवरा म्हणायचा. ती लाजायची. हे आता आठवलं की ती कानकोंडी होते.

अकराव्या दिवशी त्याच्या पायात चप्पल शिरेना. नडगीवर बोट दाबलं की खळगा तसाच राही. आपला दोष नाही हे दाखवायला ती सगळी पाकिटं पिशवीत भरून दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ मुलीकडे गेली.

मुलीने पाकीट उलटंपालटं केलं. “ही लाल खूण कोणी केली?”

“मी. ऱ्हस्व हवं तिथे.”

“बरोबर आहे, आजी. पण सोडियम म्हणजे काय?”

“म्हणजे... एक शब्द आहे,” ती म्हणाली.

मुलीने हसू दाबलं. “मिठातला तोच भाग पायांत पाणी साठवतो. एका वाटीत आठशे मिलिग्रॅम, आणि पाकिटात वाट्या दोन. आजोबा सगळं पितात ना? मग दिवसभराला चालणारं बहुतेक सोडियम सुपातच संपलं.”

“पण तेल तरी चांगलं आहे. कोलेस्टेरॉल नाही.”

“वनस्पतीच्या तेलात ते नसतंच. पाण्याच्या बाटलीवर ‘हाडं नाहीत’ लिहावं तसं आहे ते. चरबी पूर्ण आहे. चमच्याने मोजा.”

वाचताना शब्दांच्या अर्थात गुंतायचं नाही, गुंतलं की चूक निसटते, हा तिचा धंद्यातला नियम. त्या नियमाने ती नवऱ्याला दवाखान्यात पाठवायला निघाली होती. रस्त्यात दोनदा थांबून तिने पाकिटांवरचे आकडे पुन्हा वाचले.

डॉक्टरांनी लघवीवाटे पाणी काढणारी गोळी वाढवली. तिने लिंबू, मिरी, लसूण पुढे केलं आणि तेल चहाच्या चमच्याने मोजलं.

“हातची चव गेली गं,” नवरा कुरकुरला.

“माझी नव्हतीच ती. कारखान्याची होती.”

पंधराव्या दिवशी त्याचे घोटे पुन्हा दिसू लागले. भरती टळली.

आहारतज्ज्ञ मुलगी पुढे लग्न करून दुसऱ्या शहरात गेली. नणंद लेकीकडे राहायला गेली. तिच्या पत्रात भावाच्या तब्येतीपेक्षा वहिनीच्या स्वयंपाकाचीच चौकशी जास्त असे. नवरा आणखी अकरा वर्षं जगला आणि एका दुपारी डोळ्याला भिंग लावून बसलेला असतानाच गेला.

ती अजून आहे. तेवढंच अळणी रांधते आणि तेच चविष्ट आहे असं मानते. पाहुणे एकदा येतात, पोट भरलं म्हणतात, आणि पुढच्या वेळी घरून जेवून येतात.