एका ताटातली दोघं

माझ्या अंकिताला तीन वर्षं पूर्ण झाली त्याच महिन्यात तिचं वजन साडेआठ किलो भरलं. अंगणवाडीच्या सिंधूबाईंनी तिला काट्याच्या झोळीतून उतरवलं, तक्त्यावर ठिपका काढला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, पोरगी तिसऱ्या श्रेणीत गेली. पहिल्या श्रेणीची फारशी काळजी नाही, दुसरीत लक्ष द्यायचं आणि तिसरी म्हणजे धोका, हे त्यांच्याच तोंडून ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं. फक्त ते दुसऱ्याच कुणाच्या पोरांबद्दल असतं, असं मी धरून चालले होते.

ही २००२ सालची गोष्ट. आम्ही कुरकुंभला एका खोलीत भाड्यानं राहत होतो. आमचे मालक, म्हणजे पोरांचे वडील शंभू, औषधांच्या कंपनीत कंत्राटावर कामाला, एक आठवडा दिवसपाळी आणि एक आठवडा रात्रपाळी. मोठा पप्पू दुसरीत, त्याच्या पाठीवर अंकिता. सासूसासरे तिकडे निमोण्याला शेती बघत. मेंढरं विकून त्यांना दहा-बारा वर्षं झाली होती, पण माणसं अजून मेंढरांच्याच भाषेत बोलायची.

अंकिताला घेऊन मी दौंडला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पोट दाबलं, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, जंताचं औषध दिलं. रोग काही नाही, नीट खायला घाला, म्हणाले. मला असा राग आला. खायला घालत नव्हते तर काय पोरीला उपाशी ठेवत होते?

माझ्या चुलीला नाव ठेवावं असं काही नव्हतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगीन. पगार तुटपुंजा होता, पण डोकं शाबूत होतं. बाजार उठायच्या वेळेला गेलं की भाजी निम्म्या भावात मिळते, म्हणून मी उन्हं उतरल्यावरच पिशवी उचलायची. तूरडाळ परवडत नव्हती तर मसूर आणि हुलगे. मटकीला मोड आणून. शेवग्याचा पाला शेजारणीच्या झाडाचा, फुकट. निमोण्याची बाजरी होतीच. आठवड्यातून तीनदा अंडी आणि सकाळी मुलांच्या हातावर शेंगदाणे-गूळ. पोरांचं ताट रोज लख्ख व्हायचं. ते बघून मी सगळ्यांना सांगायची, खाते हो सगळं, अंगालाच लागत नाही.

दोघं एकाच ताटात जेवायची. आमच्याकडे रीतच तशी. मालक आणि त्यांचे भाऊ मेंढरांमागं वाढले, तिथे एका परातीत चौघांचे हात. एका ताटात जेवलं की भावंडांत माया राहते, असं सासूबाई म्हणायच्या. आणि कुरकुंभला नळाला दोन दिवसांआड पाणी यायचं, त्यामुळे एक ताट कमी घासावं लागलं तर मलाही ते हवंच होतं.

पोरगी तिसऱ्या श्रेणीत गेली म्हटल्यावर मी एक शहाणपणा केला. दुकानातून ताकदीच्या पावडरीचा डबा आणला, वर गुटगुटीत बाळाचं चित्र असलेला. त्या डब्यात आमचा आठवड्याचा बाजार गेला. मग अंडी बंद केली, शेंगदाणे बंद केले. डबा महिनाभर पुरवायचा म्हणून चमच्याचा अर्धा चमचा केला आणि दुधाचं पाणी केलं. पुढच्या वजनाला पोरगी शंभर ग्रॅम घटली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तसली गत, आणि इथे तर कोंबडीही गेली.

मालकांनी बूथवरून निमोण्याला फोन लावला. सासूबाईंनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की पोरीला वर्षभर इकडे पाठवा, शेळीच्या दुधावर आम्ही वाढवतो. मालक हो म्हणून आले. ते वाईट नव्हते, घाबरलेले होते. तीन वर्षांची पोर दिवसभर माझ्या पदराला धरून फिरणारी, ती गेली तर घरात काय राहणार? आणि ती जाणार म्हणजे तिच्या आईला तिला जगवता येत नाही, असंच ना? हे मला कुणी तोंडावर बोललं नाही. बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं.

तिला न्यायला सासरे आले. मल्हारी आबा. न्हावऱ्यावरून दौंडची एसटी, तिथून कुरकुंभ, खांद्यावर बाजरीचं गठुडं. सकाळच्या गाडीनं पोरीला घेऊन निघायचं ठरलं. मी तिचे तीन झगे घडी करून पिशवीत भरले आणि स्वयंपाकाला लागले.

दिवस मावळायच्या आत मी पोरांना वाढलं. मसुराची आमटी, बाजरीच्या भाकरी, आणि आबा आलेत म्हणून बऱ्याच दिवसांनी एक उकडलेलं अंडं, मधून चिरून. मामंजींना वेगळं ताट वाढलं होतं, पण ते जेवेनात. भिंतीला टेकून नुसते पोरांकडे बघत बसले. मला वाटलं, आता माझ्या आमटीचं पाणी मोजतात की काय. इतक्यात ते पुढे सरकले आणि त्यांनी आपला गुडघा पप्पू आणि ताटाच्या मध्ये घातला. पप्पूचा हात हवेतच राहिला.

"प्रतिभा, आजून एक ताट हाय का गं?"

मी ताटली दिली. त्यांनी अंकितासाठी अर्धी भाकरी कुस्करली, वर आमटी ओतली, तिची अंड्याची फोड पप्पूच्या बाजूला गेली होती ती उचलून तिच्यापुढे ठेवली, आणि मला म्हणाले, बस इथं आणि बघ. मी बसले. पप्पूनं उरलेली भाकरी संपवून दुसरी मागितली तोवर तिचा चौथा घास चालला होता. घास तोंडात घोळवायची, इकडे तिकडे बघायची, मग गिळायची. अर्ध्या भाकरीला पाऊण तास लागला. पण ती गेली सगळी.

तेव्हा मला कळलं. दोन वर्षं मी रिकामं ताट बघत होते, ते कुणी रिकामं केलं हे बघतच नव्हते. पप्पूला वाढून मी पुन्हा चुलीकडे तोंड करायची, मागे वळायची तोवर दोघांचं जेवण झालेलं असायचं. पप्पूचं झालेलं असायचं.

मामंजी शांतपणे बोलले, मेंढरांबद्दल बोलायचे तसेच. "जुळी कोकरं झाली का त्यातलं एक दांडगं निघतंच. त्ये दोन्ही सडं वढतंय. आन् धनी म्हणतो, आईला दूध तर लय हाय, ह्ये दुसरं कशानं वाळतंय? दूध असतंच गं. पर त्ये कुणाच्या पोटात जातंय, त्ये बघत बसाया लागतं."

पप्पू हे सगळं ऐकत होता. सात वर्षांचं पोर ते, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं विचारलं, "आबा, मी तिचं खाल्लं व्हय?"

"तू तुझ्या भुकंचं खाल्लंस," मामंजी म्हणाले. "तुला कुणी थांबिवलं न्हाई, ही चूक मोठ्यांची. तुलाबी आजून एक भाकरी पायजे, त्ये तुझ्या आईला कळलं न्हाई."

मी दोघांना जवळ घेऊन रडले. लाज वाटली, खूप वाटली, खोटं कशाला सांगू. पण लाजेच्या खाली दुसरंच काहीतरी होतं आणि ते सुटल्यासारखं झालं. माझ्या पोरीला रोग नव्हता. माझ्या जेवणात खोट नव्हती. जे कमी पडत होतं ते मला देता येण्यासारखं होतं.

मामंजींनी सकाळी पिशवीतले झगे काढून ठेवायला सांगितले. सासूबाईंना काय सांगायचं ते मी बघतो, म्हणाले. पण निघताना एक अट घातली. म्हैनाभर बघू, वजनाच्या दिवशी मी पुन्हा येईन, वाढली नसली तर घेऊन जाईन, आणि मग रडायचं नाही. मी हो म्हटलं.

तो महिना मी दुसरं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. पावडरीचा डबा पुन्हा आणला नाही, त्या पैशात अंडी आणि शेंगदाणे परत सुरू झाले. अंकिताला आधी वाढायची, पप्पूला नंतर. एका वेळेला तिच्या पोटात मावतच किती, म्हणून तेच दिवसातून चार वेळा, भाकरीत चमचाभर तेल किंवा दाण्याचं कूट घालून. पप्पूला एक भाकरी जास्त. ती जेवत असेल तेव्हा मी चुलीकडे पाठ करून तिच्यासमोर बसायची. भाजी करपली तर करपली. ताटली घासायला पाणी लागलं ते लागलं, मी माझ्या अंघोळीतलं तांब्याभर कमी केलं.

पहिले चार दिवस मात्र माझ्याच्यानं बघवलं नाही. ती एक हात ताटलीभोवती धरून जेवायची आणि भावाच्या हाताकडे बघत भराभर गिळायची. कुणी घेणार नाही गं, खा सावकाश, असं मी सांगायची. तिला पटायला आठवडा लागला. मालकांनीही रात्रपाळीवरून आलं की आधी तेच विचारावं, काल किती खाल्लं.

वजनाच्या दिवशी मामंजी सकाळीच हजर झाले. अंगणवाडीच्या दाराबाहेर काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले, आत आले नाहीत. सिंधूबाईंनी तिला झोळीत बसवलं. ती पाय हलवायला लागली आणि काटा नाचायला लागला. मी तिचे पाय धरले तर त्या मला रागावल्या, हात काढा, वजन चुकतं. मी हात काढला आणि देवाचं नाव घेतलं. काटा थांबला नऊ किलो शंभरवर. सिंधूबाईंनी एकदा पाहिलं, झोळी सोडून पुन्हा अडकवली, पुन्हा पाहिलं. नऊ किलो शंभरच. दुसऱ्या श्रेणीत आली, म्हणाल्या, आणि कोणती पावडर दिली ते विचारलं.

मी बाहेर येऊन मामंजींना आकडा सांगितला. ते काठी काखेत मारून म्हणाले, चला, भूक लागली.

घरी आल्यावर मी सगळ्यांना वाढलं. त्या दिवशी आनंदात मी अंकिताच्या ताटलीत जरा जास्तच वाढलं, भाकरी, मेथीची भाजी, अख्खं अंडं. ती सावकाश जेवली. पप्पू जेवून बाहेर खेळायला गेला तरी तिनं मान वर केली नाही. मग तिनं हात थांबवला, ताटली माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "आई, पुरे."

मी तिला विचारलं, काय म्हणालीस? तिनं पोटावर हात ठेवून पुन्हा सांगितलं. दोन वर्षं मी तिला जेवू घालत आले होते आणि हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. आजपर्यंत तिला तो म्हणायची पाळीच आली नव्हती.

ताटात अन्न टाकलेलं मला कधीच खपत नाही. त्या दिवशी ताटलीत भाकरीचे दोन तुकडे आणि अर्धं अंडं राहिलं होतं. मी तिचं तोंड पुसलं, तिला खेळायला सोडलं, आणि ते उरलेलं मामंजींच्या समोर बसून मी खाल्लं.