भाजल्याची वेळ

"कधी भाजलं?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"दहाला," मी ठोकून दिलं. तेव्हा अकरा वाजले होते.

आईच्या लुगड्यानं चुलीपाशी पेट घेतला तो सकाळी सातला. पोटापासून मांड्यांपर्यंत भाजली. साखऱ्याहून जीप हिंगोलीला निघाली आणि मीच ती वाटेत वळवली, मंत्र टाकून आग उतरवणाऱ्या एका बाबाकडे. मी, प्रेमानंद मास्तर! विज्ञान शिकवणारा, अंधश्रद्धेवर दरसाल भाषण झोडणारा. आईची सुटलेली कातडी पाहिली आणि माझी अक्कलच गेली. बाबा म्हणाला, भाजलेल्याला पाणी देऊ नका. आई पाणी मागत राहिली आणि मी दिलं नाही.

हे सांगू कोणत्या तोंडानं? सलाईन लावणारी सिस्टर आकांक्षा माझीच विद्यार्थिनी.

"सर, भाजल्यावर अंगातलं पाणी झपाट्यानं कमी होतं," ती म्हणाली. "भाजल्यापासून आठ तासांत साडेतीन लिटर सलाईन जायला पायजे. तुमी दहा म्हणलात, म्हणून सहा वाजेपर्यंतचा हिशेब धरलाय."

सातपासून आठ तास म्हणजे दुपारचे तीन. हे मला तिथल्या तिथे कळलं. तरी मी गप्प बसलो. आईच्या जिवापेक्षा मला माझी अब्रू मोठी वाटली, दुसरं काय!

एक वाजता मॅडमनी लघवीची पिशवी पाहिली. जेमतेम तळ ओला झाला होता. "एवढी कमी काहून? वेळ बराबर सांगितली ना?"

"सातला भाजली," मी एकदाचं बोललो. "आधी बाबाकडं नेलं होतं."

मॅडमनी लगेच दुसऱ्या हातालाही सलाईन लावायला सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कोणी नेलं?"

तेवढ्यात खाटेवरून आई पुटपुटली, "म्याच हट्ट धरला, बाई. पोरगं दवाखान्यातच चल म्हणून राहिलं होतं."

वाटभर तीच म्हणत होती, प्रेमा, दवाखान्यात ने रे.

"मला वाटलंच," आकांक्षा म्हणाली. "सर असं करणारच न्हाईत."

मी मान डोलावली.

आई वाचली. महिनाभरानं घरी आली. बायाबापड्या भेटायला येतात आणि तिलाच बोल लावतात, शिकल्यासवरल्या लेकाचं ऐकलं न्हाईस म्हणून. ती हसून 'व्हय, चुकलंच माझं' म्हणते, आणि मी शेजारी बसून ऐकतो.