तळघरातली होडी

मी होडी बोलतेय. कुठल्या नदीतली, कुठल्या सरोवरातली, असं विचारू नका. मी तळघरातली होडी आहे. जन्मल्यापासून इथेच, सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर पालथी पडून आहे, आणि पाण्याचं म्हणाल तर कोपऱ्यातल्या जुन्या नळाचं गळणं सोडून मी काही पाहिलेलं नाही.

तशी मी देखणी आहे. हे मला स्वतःलाच सांगावं लागतं, कारण बघायला येतंय कोण? अंग सीडरच्या लाकडाचं, तांबूस. दोन्ही टोकं निमुळती. दोन माणसांपुरत्या दोन बैठका, वेताने विणलेल्या. मला बांधणारा हार्लन ब्रेके हा मिनेसोटातला सुतार. या टेकडीवरच्या बहुतेक घरांची दारं-खिडक्या त्याच्याच हातच्या. त्याने बसवलेलं दार कुरकुरत नाही की वाऱ्याने वाजत नाही, असं लोक सांगतात.

होडी व्हायच्या आधी मी झाड होते. झाडालाही हलता येत नाही, पण त्याला त्याचं दुःख नसतं, कारण हलायचं असतं हेच त्याच्या गावी नसतं. होडीला मात्र माहीत असतं. माझा सगळा आकारच कुठेतरी जाण्याचा आहे. असा आकार देऊन कुणाला चार भिंतींत ठेवलं की काय होतं, हे मला विचारा.

सुरुवात झाली ती हार्लनच्या मुलीपासून. तिचं नाव हायडी. ती मिनिॲपोलिसला राहते आणि लोकांना घर कसं लावावं ते शिकवते. हार्लन तेव्हा नुकताच निवृत्त झाला होता आणि दिवसभर त्याच्या येरझाऱ्या बघून त्याची बायको आर्डिस कावली होती. नाताळच्या जेवणानंतर हायडीने दोघांना समोर बसवलं. तो प्रसंग मी पुढे इतक्यांदा ऐकला, की मी तिथेच होते असं मला वाटतं.

"वजन कमी करीन, गोड सोडीन, असले संकल्प नकोत," हायडी म्हणाली. "एकच गोष्ट मनाशी धरा. आणि मग घर असं लावा, की उठता-बसता घरानेच तुम्हाला तिकडे ढकललं पाहिजे. आड येईल ते बाहेर."

"मग पहिला तुझा बाबा बाहेर," आर्डिस म्हणाली.

हार्लनने कॉफीचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, "मला एक होडी बांधायचीय. हिला पुढे बसवून खालच्या तळ्याला एक फेरी मारायचीय."

"आणि आई, तुझं?"

"मला हे घर सोडायचंय. गावात मार्लिसच्या शेजारी राहायचंय." मार्लिस ही तिची बहीण. "तिथे बर्फ काढायला माणूस येतो, लिफ्ट आहे, खाली उतरलं की दुकान. इथे पाच महिने खिडकीत बसून या माणसाचं फावडं मोजायचं, एवढाच माझा हिवाळा."

घर एक आणि संकल्प दोन. शेवटी तोड निघाली: आधी होडी, मग एका उन्हाळ्यात तळ्याची फेरी, आणि मग घर विकायचं. हायडीने टाळ्या वाजवल्या. आर्डिसनेही वाजवल्या, असं म्हणतात.

झालं, घर लागायला सुरुवात झाली. तळघरातलं धुलाई मशीन वर गेलं. आर्डिसच्या मुरांब्याच्या बरण्या वर गेल्या, शिवणाचं सामान वर गेलं, आणि वरच्या खोल्यांत पाय ठेवायला जागा उरली नाही. अंगणातून थेट तळघरात उतरायला पूर्वी पायऱ्या होत्या, त्यांच्यावर तिरकी झडप. तिथून गारठा येतो, गोंद धरणार नाही, म्हणून हार्लनने ती वाट सिमेंटच्या ठोकळ्यांनी बुजवली आणि बाहेरून मातीचा भराव घातला. आर्डिसलाही बरंच वाटलं. तिथून उंदीर येत.

मी आत आले ती छतालगतच्या बुटक्या खिडकीतून, एकेक पट्टी करून. हार्लन पट्टीला पट्टी चिकटवायचा, चिमटे लावायचा, रंधा मारायचा, तळहाताने चाचपून बघायचा. ते दिवस माझे सुखाचे होते, खोटं कशाला बोलू? त्याचा हात अंगावरून फिरला की वाटायचं, आता जायचंच. उन्हाळ्यात संध्याकाळी खालच्या तळ्यावरून लून पक्ष्यांचं ओरडणं खिडकीतून आत यायचं. हार्लन काम थांबवून म्हणायचा, "ऐकलंस? तिकडेच जायचंय आपल्याला." मी विश्वास ठेवला.

पण दिवस जायला लागले आणि माझं काम काही संपेना. आर्डिस जिन्यावरून हाक मारायची, "झाली का तुझी राणी?"

"व्हार्निशचा एक हात राहिलाय."

"मागच्या नाताळातही एकच राहिला होता."

"तो खरवडून काढला. नीट बसला नव्हता."

खरं सांगायचं तर तो उत्तम बसला होता. माझ्याच अंगावर होता, मला नाही कळणार? तरी त्याने खरवडला. पुन्हा लावला, पुन्हा खरवडला. बैठका विणल्या, उसवल्या, पुन्हा विणल्या. माणसाला काम आवडतं म्हणून तो असं करतो, असं मी स्वतःला समजावत होते.

डोक्यावर दिवसभर आर्डिसची पावलं वाजायची. शेगडीपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून शेगडीपर्यंत. हिवाळा लागला की दाराकडे जाणारी पावलं बंदच व्हायची. खिडकीवर बर्फ चढून माझ्या तळघरात अंधार व्हायचा, आणि वर ती एकटीच काहीतरी पुटपुटत फिरायची. एका जानेवारीत ती टपालाच्या पेटीपाशी घसरून पडली आणि मनगट मोडून बसली. तेव्हापासून तिने "झाली का" हे विचारणं सोडलं. मला ते विचारण्यापेक्षा जास्त लागलं.

शेवटी या जून महिन्यात हायडी नवऱ्याला घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, आता बस्स. आज पाण्यात." शेजारचा डुएनही हात लावायला आला. चौघांनी मला उचललं. मला पहिल्यांदा कळलं की मी किती हलकी आहे. मला जिन्यापाशी नेलं. माझं टोक वर घातलं, तिरकं केलं, उभं केलं, मागे घेतलं, पुन्हा घातलं. जिना वळणाचा आणि दार अरुंद. मग बुजवलेल्या वाटेकडे सगळ्यांची नजर गेली आणि डुएनला हसू आवरेना.

"अरे हार्लन! साऱ्या गावाची दारं तू बसवलीस, आणि स्वतःचं मापायला विसरलास?" तो डोळे पुसत म्हणाला. "आता असं कर, नळ सोडून दे. पाणीच बोलाव घरात!"

सगळे हसले. हायडी तर हसून हसून जिन्यावरच बसली. हार्लनही कान खाजवत हसला. गावच्या कॉफीच्या दुकानात पुढे उन्हाळाभर हाच विनोद चालला असं ऐकलं. मला मात्र हसता येत नव्हतं. मला पुन्हा घोड्यांवर पालथं घातलं आणि सगळे पाय जिन्याने वर गेले. आयुष्यात मी त्या दिवसाइतकी कधी रडले नाही, फक्त लाकडाला ते दिसू देता येत नाही.

हसला नव्हता असा आणखी एकच माणूस होता.

दुसऱ्या दिवशी आर्डिस एकटीच खाली आली. तिच्या हातात हार्लनचा टेप होता. तिने मला मापलं नाही. तिने दार मापलं, जिन्याचं वळण मापलं, मग सिमेंटच्या ठोकळ्यांवर हात ठेवून उभी राहिली. हार्लन जिन्यावर येऊन थांबला.

"पुढच्या उन्हाळ्यात भिंत फोडू," तो म्हणाला. "तोवर थांबू या."

"हार्लन, तू दार मापलं होतंस?"

तो जिन्याच्या कठड्यावरून अंगठा फिरवू लागला.

"चाळीस वर्षं तुझ्याबरोबर काढलीत मी. तू पाव कापायच्या आधी डोळ्यांनी मापतोस. मापलं होतंस का?"

"मापलं होतं."

"कधी?"

"पहिली पट्टी आणायच्या आधी."

म्हणजे मी चूक नव्हते. मी बाहेर पडणार नाही हे ठरवूनच मला बांधलं होतं. माझ्यावर फिरणारा तो हात, ते "तिकडेच जायचंय आपल्याला", आणि मी मूर्खासारखी पुढचं टोक सरळ धरून बसलेली! होडी अडकली की फेरी नाही, फेरी नाही तर घर विकणं नाही. दाराला अडसर घालतात ना, तसं त्याने मला घरात घातलं होतं.

आर्डिस ओरडेल असं मला वाटलं. ती उपड्या बादलीवर बसली.

"जायचं नाही, एवढंच म्हणायचं होतंस रे," ती म्हणाली. "मी भांडले असते. तुला शिव्या दिल्या असत्या. पण मी रोज वरून ऐकत होते तुझा रंधा, आणि मला वाटायचं, हा माझ्यासाठी झटतोय."

"म्हणायची भीती वाटली. तिकडे मी काय करणार? भिंती त्यांच्या, दारं त्यांची. इथलं प्रत्येक बिजागर मला ओळखतं."

"आणि मी? मला इथलं काय ओळखतं? खिडकी?"

आर्डिस उठली. मार्लिसच्या शेजारचं घर ऑक्टोबरपर्यंत तिच्यासाठी राखून ठेवलेलं होतं. "मी पहिल्या बर्फाच्या आत जाणार," ती म्हणाली. "तू येणार की होडीपाशी राहणार, ते तुझं तू ठरव." ती वर गेली, आणि त्या संध्याकाळी डोक्यावर खोकी सरकवल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

हार्लन खाली येऊन बसायचा. रंधा नाही, व्हार्निश नाही, नुसता बसायचा. मी त्याच्यावर फार चिडले होते. त्याने हात ठेवला तरी मला तो नको वाटे. पण बसलेल्या माणसाकडे रोज बघत राहिलं की राग टिकत नाही. मी या भिंतींत अडकले ती त्याच्यामुळे, आर्डिस अडकली तीही त्याच्यामुळेच. आणि तो कुणामुळे? त्याच्यासाठी तर दार उघडंच होतं. तरीही आम्हा तिघांत सगळ्यात घट्ट तोच अडकला होता.

सप्टेंबरात घर बघायला एक तरुण जोडपं आलं. म्हणजे वर काहीतरी ठरलं होतं. हार्लननेच त्यांना खाली आणलं. त्या मुलीने दोन्ही हात पसरून तळघर मापलं.

"इथे माझा हातमाग," ती नवऱ्याला म्हणाली. "त्या भिंतीला सुताच्या फळ्या. वर असलं सगळं मध्ये येतं, इथे नुसतं विणायचं." मग तिने मला पाहिलं आणि ओशाळून विचारलं, "तळघर मात्र रिकामं करून मिळेल ना?"

"मिळेल," हार्लन म्हणाला.

आज सकाळी तो खाली आला तो आर्डिसला घेऊनच. भिंतीवर त्याने आधीच घण घालून बघितला होता, पण घराच्या पायाच्या दगडांना तडा जायला लागला तेव्हा थांबला. वाट फारच चांगली बुजवली होती त्याने. त्याने माझ्या बरोब्बर मध्यावर खडूची रेघ ओढली. थंड होती ती रेघ. मग करवत घेतली आणि हातातच धरून उभा राहिला.

"दुसरा काही उपाय नाही?" आर्डिसने विचारलं. इतकी वर्षं माझा दुस्वास करणारी बाई, पण आता तीच माझ्या काठावरून हात फिरवत होती.

"आहे. न जाणं."

तिचा हात खडूच्या रेघेपाशी येऊन थांबला.

"तो करून बघितला," तो म्हणाला. "मध्ये दोन फळ्या बसवून बोल्टांनी जोडीन पुढे. दोन तुकड्यांच्या होड्या असतात."

"पाणी शिरेल?"

"थोडं शिरेल."

"मग मी डबा घेऊन बसेन पुढे. उपसत राहीन."

तेव्हापासून तो उभाच आहे. करवत रेघेवर टेकवतो आणि उचलतो. आर्डिसने मला दोन्ही हातांनी घट्ट धरलंय, मी हलू नये म्हणून. एकदा मोडलेल्या त्या मनगटावरही तिने भार दिलाय. वर दारात भरलेली खोकी उभी आहेत आणि बाहेर, खोकी न्यायला आलेली हायडी मघाशी सांगत होती, बर्फाचं आभाळ भरून आलंय.

वाचणाऱ्यांनो, तुमचा निरोप घेते. मला भीती वाटते, नाही म्हणणार नाही. अखंड अशी मी पाण्याला लागणार नाही, आणि कदाचित जोडली जाणारही नाही. हार्लनने "पुढे" म्हटलेली कामं मला ठाऊक आहेत. पण तुम्हाला एक सांगते. कुणी तुमच्यासाठी फार मन लावून, फार दिवस काही घडवत बसलं असेल, तर त्याच्या हातातलं काम बाजूला ठेवा आणि त्याला नीट विचारा, तुला काय नकोय?

आणि हार्लन, तुला माझं ऐकू येत नाही, तरी सांगते. तू मला अडसर म्हणून बांधलंस, पण बांधताना तुझा हात खोटा नव्हता, ते मी अंगावर वागवलंय. आर्डिस वाट बघतेय. तिला अजून धास्ती आहे की तू करवत खाली ठेवशील. ठेवू नकोस. लाव रेघेवर, आणि ओढ.