डाव्या हाताला प्रवेश नाही

पोर डाव्या हाताने घास उचलतं आणि घरातली चार माणसं एकदम गरजतात, "उजवा हात!" हे तुमच्या घरी झालं नसेल तर शेजारी झालं असेल. त्या चौघांपैकी कुणालाही विचारा, का हो बाबा? उत्तर एकच: "बरं दिसत नाही." ह्या 'बरं दिसत नाही'ने आपल्याकडे काय काय करून ठेवलंय, ते सगळं सांगत बसलो तर उन्हाळा पुरायचा नाही. मी एकच गोष्ट सांगतो, कुंभिवलीच्या जनीची. ऐकून राग आला तर येऊ द्या. मला अजून येतो.

जनी म्हणजे सहदेव आणि सोनाबाईची थोरली मुलगी. सन शेहेचाळीसच्या चैत्रात ती चौथी पास झाली. गावातली शाळा तिथेच संपत होती. पुढे मुलीने शेणपाणी करायचं, धाकट्यांना सांभाळायचं आणि मागणी आली की लग्नाला उभं राहायचं, असा रिवाज. जनीची आत्या तर स्थळसुद्धा बघून आली होती. पहिली बायको वारलेला, तिशीचा गडी. सोनाबाई स्वतः अकराव्या वर्षी बोहल्यावर चढलेली. ते स्थळ ऐकलं त्या दिवसापासून तिच्या घशाखाली धड घास उतरत नव्हता.

त्याच सुमाराला खालापुरात टिपणीस मास्तरांनी मुलांसाठी सुट्टीतला चित्रकलेचा वर्ग काढला. मास्तर पुण्याला चित्रकला शिकवायचे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी यायचे. माणूस चांगला, वर्गाला फी घेत नसे. सहा आठवड्यांच्या शेवटी ज्या दोन मुलांचा हात सरस, त्यांची ते आपल्या खटपटीने पुण्याच्या वसतिगृहात सोय लावणार होते. जेवण फुकट, शाळा फुकट. गावच्या गुरुजींनी ही बातमी आणली आणि सोनाबाईने ती पदराच्या गाठीला बांधली. लेकीचा हात तिला ठाऊक होता. सारवलेलं अंगण ओलं असलं की जनी त्यावर काडीने बकरी काढायची, आणि धाकटा भाऊ त्या बकरीला पाला घालायला धावायचा.

पण जनी डावरी होती.

वर्ग भरायचा त्या खोलीच्या दारावर मास्तरांनी प्रवेशाचे नियम लावले होते. वय नऊ ते चौदा. चौथी पास. जागा बारा. आधी समोर बसून एक चित्र काढून दाखवायचं. आणि पाचवा नियम: डाव्या हाताने काम करणाऱ्या मुलांस प्रवेश मिळणार नाही.

हा नियम मास्तरांनी दुष्टपणाने केला नव्हता, हे आधीच सांगतो. चित्र काढताना उजेड डावीकडून यावा लागतो, म्हणजे उजव्या हाताची सावली कागदावर पडत नाही. म्हणून त्यांनी सगळे बाक असे मांडले होते की खिडकी मुलांच्या डाव्या अंगाला यावी. डावऱ्या पोराची सावली त्याच्याच कागदावर पडणार, वर शेजारच्याला कोपर लागणार. कटकट नको म्हणून मास्तरांनी एक ओळ लिहून टाकली. एकच ओळ.

लेकीला घेऊन तिथे गेलेल्या सोनाबाईला वाचता येत नव्हतं. जनीला येत होतं. तिने दारावरचे पाच नियम वाचले आणि आईला चार सांगितले.

आत मुलांपुढे चित्रासाठी एक तांब्या ठेवला होता. जनीने पेन्सिल उजव्या हातात धरली. रेघ थरथरली, तांब्या एका बाजूला कलला, घाम फुटला. मास्तर पलीकडच्या बाकाकडे वळले तेवढ्यात पेन्सिल डाव्या हातात गेली. ते परत आले तेव्हा कागदावर तांब्या उभा होता, काठाला पडलेल्या पोच्यासकट.

"कुणी शिकवलं गं तुला?"

"कुनीच नाय."

"शाब्बास. फार छान."

"मास्तर, ही डावरी हाय," शेजारचा मुलगा बोलला. "डाव्या हातानं काढलं हिनं."

मास्तरांचा चेहरा उतरला. ते बाहेर सोनाबाईकडे आले. "बाई, मुलगी हुशार आहे. पण नियम तो नियम. हिला सोडली तर उद्या दुसऱ्याला काय सांगू? असं करा, एक जागा मी आठ दिवस रिकामी ठेवतो. उजव्या हाताची सवय करू दे. पुढच्या सोमवारी दुपारच्या आत काढून दाखवलं की नाव लिहून घेतो."

"आठ दिसांत हुईल, मास्तर?"

"मनावर घेतलं तर होतं."

मनावर घेतलं तर होतं! बोलणाऱ्याचं काय जातं?

सोनाबाईने मनावर घेतलं. घरी येऊन जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि जनीचा डावा हात कमरेशी बांधून टाकला. मग पाटीवर उजव्या हाताने तांब्या, पुसून परत तांब्या. सहदेव शेतात राब भाजायच्या, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन पालापाचोळ्याने भाजून काढायच्या कामात होता. जेवायला आला, लेकीला बांधलेली पाहिली आणि म्हणाला, "बरं झालं. सासरी डाव्या हातानं वाढली तर लोक थुकतील आपल्या तोंडावर."

चार दिवस गेले. रेघ काही सरळ येईना. पट्टी सोडली की डावा हात आपसूक पुढे यायचा, पाण्याच्या तांब्याकडे, वेणीकडे, बकरीच्या दोरीकडे. "आये, मी नाय करत गं. त्योच येतो," जनी हुंदके देत सांगायची. सोनाबाई तिला बदडायची आणि मग चुलीपुढे बसून स्वतःच रडायची. त्यात आत्या येऊन सांगून गेली, की मंडळी उतावीळ झालीत, पाऊस लागायच्या आत बोलणी करू म्हणतात.

त्या दिवशी सोनाबाईने फडताळातून बिब्बा काढला. कुणी शहाणीने तिच्या कानात घातलं होतं, की बोटांना बिब्ब्याचा चटका दिला की पोर तो हात वापरत नाही, तेवढ्यात दुसऱ्याला वळण लागतं. तिने जनीला मांडीवर ओढलं, तापवलेल्या बिब्ब्याचं तेल तिच्या डाव्या बोटांना लावलं. 

"जने, मी तुजी वैरीण नाय गं. तुला हितनं भायेर काढायची हाय मला."

जनी ओरडली नाही. आईचं तोंड बघून तिला ओरडताच आलं नाही.

बिब्बा उतला. दुसऱ्या दिवशी तळहातापर्यंत फोड उठले, मनगट सुजलं, अंगात ताप भरला. सहदेवाने तो हात पाहिला.

"आगं, काय केलंस ह्ये?"

"सोमवार जाऊ दे," सोनाबाई म्हणाली. "येवडा सोमवार जाऊ दे. मंग माजं काय बी कर."

सोमवारी ती जनीला घेऊन बद्रुद्दीनभाईच्या गाडीत बसली. बद्रुद्दीनभाई म्हणजे गावातला गाडीवान. गवत, लाकूड, नवरी, बाळंतीण, जे असेल ते त्याच्या बैलगाडीतून जायचं. फडक्यातला हात बघून त्याने गाडी थांबवली.

"वैनी, आदी दवाखाना."

"आदी मास्तर," ती म्हणाली. "दुपार टळली तर जागा जाईल. तुमच्या पाया पडते, भाई, गाडी हाका."

त्याने गाडी हाकली, पण खालापुरात पोचल्यावर तो गाडीपाशी थांबला नाही. त्यांच्यामागून वर्गात शिरला.

जनीने तापाने लाल झालेल्या डोळ्यांनी उजव्या हाताने तांब्या काढला. मास्तरांनी कागद उचलला. "सुधारणा आहे. पण बाई, ह्याला चित्र म्हणता येणार नाही. पुढच्या वर्षी बघू."

"फुडल्या वर्षी ही दुसऱ्याच्या घरी भांडी घाशीत आसंल, मास्तर." सोनाबाईने लेकीच्या हातावरचं फडकं सोडलं. "ह्यो बगा. डावा हात मी बंद करून टाकलाय. आता त्यो मदी यायाचा नाय. आता तरी घ्या हिला."

वर्गातल्या अकरा मुलांपैकी एकाचीही पेन्सिल हलली नाही. मास्तरांनी तो हात पाहिला.

"मी असं करायला सांगितलं नव्हतं हो," ते कसेबसे म्हणाले.

"सांगितलं नाय, मास्तर. लिवलंत," बद्रुद्दीनभाई म्हणाला. "सांगितलेलं मानूस इसरतो. लिवलेलं असलं की गरीब मानूस जीव घालून पाळतो, त्याला वाचता येवो न येवो." मग तो सोनाबाईकडे वळला. "वैनी, तुमच्या घरी बैल किती?"

हा काय भलताच प्रश्न, असं तिला वाटलं. "दोन."

"डावीला कोन जुपता?"

"पवळ्या."

"आन त्या दुसऱ्या हिऱ्याला का नाय जुपत डावीला?"

"त्यो उजवीचा हाय. डावीला घातला तर औत वडनार कसा? आडून बसंल..." बोलता बोलता सोनाबाई थांबली. तिने पदर तोंडात कोंबला आणि जनीच्या पायाशी बसली.

"बैल डावीचा निघाला म्हनून त्याला कुनी चटके देत नाय," बद्रुद्दीनभाई मास्तरांना म्हणाला. "बाजारात आमी आदी इचारतो, डावीचा का उजवीचा. मंग त्याला त्याच्या अंगाला जुपतो आन काम घेतो. जनावराला इचारतो, मास्तर. ह्या पोरीला कुनी इचारलं?"

"पण भाई, उजेडाचा प्रश्न आहे. उजव्या हाताला उजेड डावीकडून लागतो."

"आन डाव्या हाताला?"

"उजवीकडून."

"मंग एक बाक फिरवा की."

मास्तरांनी खिडकीकडे पाहिलं, मग बाकाकडे. पंधरा वर्षं शिकवत होते आणि हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. येणार कसं? ज्या मुलाने ते डोक्यात आणून दिलं असतं, त्या मुलाला दारावरचा नियमच परत पाठवत होता.

अरे, एक बाक! दोन माणसांनी दोन टोकं धरून फिरवला असता. तेवढ्यासाठी पोरीचा हात भाजला!

जनीला गाडीपर्यंत मास्तरांनीच उचलून नेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, हात वाचेल, पण दोन बोटं पहिल्यासारखी सरळ व्हायची नाहीत. सहदेव धावत आला होता. त्याने ते ऐकलं आणि तिथूनच बहिणीला निरोप धाडला, त्या स्थळाला नाही म्हणून सांग, पोर आणखी भाजायची नाही मला. बायकोला त्याने बोल लावला नाही. आपण 'बरं झालं' म्हणालो होतो, हे त्याच्या ध्यानात होतं.

तीन आठवड्यांनी जनी वर्गात आली. पाचवा नियम खोडलेला होता. शेवटचा बाक फिरवलेला होता, खिडकी त्याच्या उजव्या अंगाला. जनी बसली आणि तिने पेन्सिल उजव्या हातात घेतली.

"अगं, डाव्या हाताने काढ. आता चालतं," मास्तर म्हणाले.

डावा हात परकराच्या घडीत गेला, तो वर्ग सुटेपर्यंत बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मास्तर समजावून थकले. दारावरची ओळ त्यांनी खोडली होती, पण ती तोवर पोरीच्या अंगात उतरली होती.

चौथ्या दिवशी पडवीत एक कोंबडी दाणे टिपत आली. मास्तर जनीच्या शेजारी बसले, पेन्सिल स्वतःच्या डाव्या हातात धरली आणि कोंबडी काढायला लागले. पोरं खिदळली. जनी मान वळवून बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"मास्तर, पाय तिथनं नाय निघत."

"मग कुठनं?"

"पोटाच्या मागनं."

"मला काही जमत नाही बुवा. तूच दाखव."

परकराच्या घडीतून हात बाहेर आला. आखडलेल्या बोटांत पेन्सिल टिकेना. दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा तिने अंगठ्यात आणि करंगळीशेजारच्या बोटात ती धरली आणि ओठ दाबून, दुखणं सोसत, एक रेघ ओढली. कोंबडीचा पाय जमिनीला टेकला. मास्तर म्हणाले, "दुसरा?" आणि तिने दुसराही काढला.

पुण्याला त्या वर्षी दुसरी दोन मुलं गेली. जनीची बोटं तेवढी वळत नव्हती, आणि मास्तरांनी खोटी दया दाखवली नाही. सहदेवाने तिला खालापुरात पाचवीत घातली. ती रोज चालत जाते, चालत येते.

वाचकहो, आपल्यापैकी कुणी शाळा चालवतो, कुणी वर्ग घेतो, कुणी नुसतंच घर चालवतो. नियम आपण सगळेच करतो. करा, पण प्रत्येक नियमाला आधी विचारा: तू पोराच्या भल्यासाठी आहेस, की माझा बाक हलवायचा कंटाळा म्हणून? आणि घरातल्या पोराचा हात धरण्याआधी, बैल घेताना विचारता तेवढं तरी विचारा. टाकाची एक रेघ ओढली की नियम खोडला जातो. पोरीच्या बोटांतून तो निघायला किती दिवस लागतात, ते सोनाबाईला विचारा. ती रोज सकाळी जनीची ती दोन बोटं खोबरेल लावून चोळते, आणि ती अजून सरळ झालेली नाहीत.