अकराव्या सोमवारचं मौन

श्रावणापासून सगुणाने लेकीसाठी सोळा सोमवार धरले होते. आज अकरावा. मृणाली नववीत होती, आणि पावसाळ्यापासून तिचं काहीतरी बिनसलं होतं. शाळेची वेळ झाली की पोटात दुखायचं, नाहीतर डोकं. घरी राहिली की डोक्यावरून चादर. विचारलं की एकच उत्तर, "काही नाही."

पहिला महिनाभर सगुणा पुष्कळ ओरडली. मिरकरवाड्याच्या बंदरावर पहाटेपासून मासळी विकून घरी यायचं आणि त्याच आवाजात पोरीवर तोंड सोडायचं. "तुझ्याएवढी होते तेव्हा मी टोपली घेऊन दारोदार फिरत होते," हेही ऐकवून झालं. एकदा मृणाली नुसती बघत राहिली. त्या नजरेची सगुणाला भीती वाटली. म्हणून व्रत धरताना तिने स्वतःच्या मनाने भर घातली: सोमवारी मासळी विकायला जायचं नाही, आंघोळीपासून दिवेलागणीपर्यंत मौन. पोरीला टोचणारी जीभ तेवढा वेळ देवापाशी ठेवायची. मध्ये शब्द निघाला तर व्रत पहिल्यापासून. मौन कशासाठी, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की फळ जातं, असं तिच्या आईने तिला शिकवलं होतं.

नवरा आठ दिवस बोटीवर होता. उपासाने सगुणा थकली होती. ती भिंतीला टेकून संध्याकाळसाठी तांदूळ निवडत होती. शेजारची गोदूबाई चार आमसुलं मागायला आली आणि हसत म्हणाली, "सोमवारी तुझ्याकडे यायला बरं वाटतं गो. माणूस बोलून घेतं, उलट कोण काय ऐकवत नाय." सगुणाने हसून डबा पुढे केला.

गोदूबाई गेली आणि दारात मृणाली उभी राहिली. गणवेशात, पाठीवर दप्तर. सकाळी स्वतःहून शाळेत गेली होती, म्हणून सगुणा देवापुढे दोनदा वाकली होती. आत्ता जेमतेम बारा वाजले होते.

मृणाली दप्तर न काढताच तिच्यासमोर बसली.

"परत आले मी. बाईंनी धडा वाचायला उभं केलं. आवाजच निघेना."

सगुणाचा हात सुपात थांबला.

"दर वेळी असंच होतं. छातीत धडधडतं, घसा आवळतो. मुलं हसतात. माझ्या बाकावरची रुचिरा पण हसली." ती थांबली. आईच्या तोंडाकडे बघत राहिली. "आज सोमवार, नाही का. म्हणजे तू बोलणार नाहीस."

सगुणाने मान हलवली. हाताने खूण केली, बोल, मी ऐकते.

"नको. मला माहितीये, तू माझ्यावर चिडून गप्प बसतेस. मुद्दाम. इतर दिवशी ओरडतेस आणि सोमवारी तोंडसुद्धा बघायचं नसतं. तू ठरवून गप्प बसतेस ना, माझं तसं नाही गो आई. माझं आपोआप होतं."

ती उठली. चादर घडी करून खाटेवर ठेवली होती, तिकडे तिचे पाय वळले.

दहा सोमवार. दहा दिवसांचे उपास, दहादा गिळलेले शब्द. सगुणाने देव्हाऱ्याकडे पाहिलं नाही.

"बाय," ती म्हणाली. सकाळपासून न वापरलेला आवाज घोगरा निघाला. "चिडून नाय गो. तुझ्यासाठीच धरलंय. ओरडू नये म्हणून."

मृणाली वळली. "बोललीस? मोडलं ना तुझं?"

"मोडलं."

"आता?"

"परत पहिल्यापासून. उपासच तेवढा. मौन नाय धरायचं." सगुणाने सूप बाजूला सरकवलं. पुढचे सोळा सोमवार तिला एकदम जड वाटले, जसं उतारावरून खाली आलेल्या माणसाला परत चढ दिसावा. "दप्तर काढ. बस इथे. घसा आवळतो म्हणजे नक्की काय होतं ते मला नीट सांग."

"तुला नाही कळायचं."

"नाय कळलं तर परत सांग. उद्या मी मासळी लवकर आटपते, दोघी बाईंकडे जाऊ. वाचायला उभं करू नका, आधी तिला बसून वाचू दे, म्हणून सांगते मी."

"तू ओरडशील त्यांच्यावर."

"ओरडले तर तू माझा पदर ओढ."

मृणालीच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. तिने दप्तर काढलं आणि भिंतीला पाठ लावून बसली. दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली. सगुणाला विचारावंसं वाटत होतं, शंभर गोष्टी सांगाव्याशा वाटत होत्या. ती बसून राहिली.

"आधी हात गार पडतात," मृणाली म्हणाली.